कार्डावरचा आकडा

डिस्पॅचमधलं लेबल छापायचं मशीन थांबलं की सगळ्यांच्या नजरा आधी बन्सी कड यांच्याकडे वळायच्या. कारखाना चाकणचा, माल म्हणजे मोटारींच्या दरवाजांचे हँडल. खोक्यावर लेबल चिकटल्याशिवाय ते ट्रकमध्ये चढत नसे, आणि कॉम्प्युटरवरून लेबलं काढायचं काम बन्सीकाकांकडे. वय सत्तावन्न, टायपिंग एका बोटाने. त्यामुळे माल निघायला उशीर झाला की कारण शोधायला कुणाला लांब जावं लागत नसे. "काका, बटण नीट दाबा राव," एवढं म्हटलं की विषय मिटायचा.

इरम तांबोळी सर्व्हर सांभाळायला रुजू झाली त्याला जेमतेम सहा आठवडे झाले होते. कासारवाडीहून रोज कंपनीच्या बसने यायची. एक दिवस डिस्पॅचचे मॅनेजर रणजीत सर तिच्या टेबलापाशी आले.

"बन्सीकाकांना पुढच्या आठवड्यापासून मागच्या गेटवर बसवतोय," ते म्हणाले. "त्यांना नाही झेपत हे. सर्व्हरमध्ये काही दोष नाही, एवढं मला मेलवर लिहून दे."

इरमने त्याच सकाळी सर्व्हर तपासले होते. सगळे आकडे हिरवे होते. दोन ओळी लिहून देणं सहज शक्य होतं. पण एका माणसाची खुर्ची आपल्या दोन ओळींवर हलणार, हे तिला बरं वाटेना. "मला गुरुवारपर्यंत वेळ द्या सर," ती म्हणाली. "एकदा तिथे बसून बघते."

ती डिस्पॅचमध्ये स्टूल घेऊन काकांच्या शेजारी बसली. तासाभरात तिच्या लक्षात आलं की हा माणूस हळू नाहीच. एक बोट होतं, पण ते चुकत नव्हतं. मग सव्वाअकरा वाजता पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं आणि मशीन गप्प झालं. काकांनी हात मांडीवर ठेवले.

"आता पाच मिन्टं गप बसायचं," ते म्हणाले. "मग उठतंय आपोआप."

"तुम्हाला कसं माहीत?"

काकांनी भिंतीला टेकवलेला एक पुठ्ठा पुढे ओढला. त्यावर बारीक अक्षरात वेळा लिहिल्या होत्या. सव्वानऊ, सव्वादहा, सव्वाअकरा. तीन आठवड्यांच्या. "दर तासाला, वर पंधरा मिन्टं झाली की बसतंय. समद्यांना सांगितलं मी. पन म्हाताऱ्याचं कोन ऐकतंय?"

इरम पुठ्ठ्याचा फोटो काढून धावतच वरच्या मजल्यावर सर्व्हर रूममध्ये गेली. कारखान्यात पाच मोठे सर्व्हर होते. प्रत्येकाच्या पोटात आठ-दहा कॉम्प्युटर चालायचे, म्हणजे खरं यंत्र एक, पण कामं वेगवेगळी. डिस्पॅचचा कॉम्प्युटर एका जुन्या सर्व्हरच्या पोटात होता. पाचही सर्व्हर आपली माहिती एकाच मोठ्या डिस्कच्या कपाटात ठेवत. तिने त्या कपाटाकडून उत्तर यायला किती वेळ लागतो ते उघडलं. एरवी डोळ्याचं पातं लवायच्या आत येणारं उत्तर दर तासाला वर पंधरा मिनिटं झाली की सेकंद-सेकंद रखडत होतं. तिने आजवर पाहिलेले हिरवे आकडे दिवसभराच्या सरासरीचे होते. त्यांत ही पाच मिनिटं बुडून जात.

पाचांतले दोन नवे सर्व्हर ज्याने दिवाळीत बसवले, त्या कंत्राटदाराला तिने विचारायला फोन लावला. प्रत्येक सर्व्हरला एक कार्ड असतं, त्यातून तो डिस्कच्या कपाटाशी बोलतो. माहिती ठेवण्या-काढण्याच्या एका वेळी किती मागण्या पुढे पाठवायच्या याचा आकडा त्या कार्डावर ठरवता येतो. "जुन्या सर्व्हरवर तो बत्तीस आहे," पलीकडचा माणूस म्हणाला. "आम्ही नव्यांवर दोनशे छप्पन ठेवलाय. तुम्हीपण वाढवा, मॅडम. जास्त म्हणजे फास्ट."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने डिस्पॅचच्या जुन्या सर्व्हरवर तसं केलं. सव्वादोन वाजले आणि मशीन पाच नाही, चांगलं अकरा मिनिटं बसलं. गेटपाशी तीन ट्रक खोळंबले. रणजीत सर तरातरा आले ते थेट काकांच्याच खुर्चीकडे.

इरम मध्ये उभी राहिली. "सर, हे माझ्यामुळे झालं. मी सेटिंग बदललं होतं. काकांचा हातही लागलेला नाही."

सर तसेच मागे फिरले. तिने आकडा पुन्हा बत्तीसवर आणला आणि डिस्पॅचच्या पायरीवर येऊन बसली. काकांनी डबा उघडून शेंगदाण्याचा लाडू तिच्या हातावर ठेवला.

"माझ्यापायी कशाला बोलनी खायला गेलीस?" ते म्हणाले. मग डब्याचं झाकण लावत, "मला त्यातलं कळत न्हाई पोरी. पन आपून अडतोय एवढंच बघतीस तू. आपल्याला अडवतंय कोन, ते बघ की."

लाडू तोंडात तसाच ठेवून ती उठली. दर तासाच्या त्या पंधराव्या मिनिटाला कोण जागं होतं? नव्या सर्व्हरांवर उत्तर सापडलं. प्रत्येक हँडलचा कॅमेऱ्याने फोटो निघायचा, आणि दर तासाच्या पंधराव्या मिनिटाला ते हजारो फोटो डिस्कच्या कपाटात भरले जायचे. दोन्ही नवे सर्व्हर दोनशे छप्पन-दोनशे छप्पन मागण्या एकदम लोटत. कपाट त्यांतच गुदमरत होतं. आकडा जुन्याचा वाढवायचा नव्हता, नव्यांचा उतरवायचा होता.

गुरुवारी आठवड्याची औद्योगिक सुट्टी, कारखाना बंद. कंपनीची बस नव्हती, म्हणून इरम भोसरीवरून दोन बस बदलून आली. गेटवर बन्सीकाका मोटारसायकलला टेकून उभे होते, अंगात सुट्टीचा पांढरा सदरा.

"तुम्ही कशाला आलात, काका?"

"तू वर खटपट करनार, मग खाली लेबल कोन काढनार? एकटीनं दोन्हीकडं पळशील व्हय?"

तिने पहिल्या नव्या सर्व्हरच्या पोटातली कामं दुसऱ्यावर सरकवली, कार्डावर बत्तीस लिहिलं, सर्व्हर बंद करून सुरू केला. मग दुसऱ्याचं तसंच. तो परत सुरू व्हायला लागलेली दहा मिनिटं तिला मोठी वाटली. नंतर तिने आदल्या दिवशीचे एका तासाचे फोटो पुन्हा भरायचं काम हाताने चालू केलं आणि काकांना फोन लावला. "काढा लेबलं."

फोनमधून मशीनची खरखर ऐकू येऊ लागली. एक मिनिट, दोन, पाच. खरखर थांबेना. डिस्कच्या कपाटाची उत्तरं किंचित लांबली होती, बस तेवढंच. गंमत म्हणजे गुदमरणं संपल्यावर फोटोसुद्धा रोजच्यापेक्षा लवकर भरून झाले.

"काका, बास झालं. किती काढलीत?"

"थांबू दे की अजून जरा," काका म्हणाले. त्यांचा आवाज हसरा होता. "लई दिसांनी असं सरळ चाललंय."

ती खाली गेली तेव्हा लेबलांची पट्टी टेबलावरून जमिनीवर उतरून दारापर्यंत गेली होती, आणि काका कमरेवर हात ठेवून ती बघत उभे होते. दोघांनाही हसू आवरेना.

शुक्रवारी रणजीत सर सव्वानऊला घड्याळ बघत डिस्पॅचमध्ये उभे राहिले. मशीन चालूच राहिलं. सव्वादहालाही. तोवर इरमची मेल त्यांनी वाचली होती. त्यात पहिल्याच वाक्यात लिहिलं होतं की दोष बन्सी कड यांनी वेळा टिपून ठेवल्यामुळे सापडला.

"काका, माझं चुकलं," ते सगळ्यांदेखत म्हणाले.

"असू द्या साहेब. माझी खुर्ची हाय तिथंच हाय ना?"

"खुर्ची तिथेच. पण सोमवारी तुम्ही तिच्यावर नसाल. पिंपरीच्या युनिटातही असंच अडतंय म्हणे. तुम्ही आणि इरम, दोघं जा."

सोमवारी कंपनीच्या गाडीत काका इस्त्रीचे कपडे घालून पुढे बसले. घरून ठकुबाईंनी, त्यांच्या बायकोने, इरमसाठी वेगळा डबा दिला होता. पिंपरीच्या डिस्पॅचमध्ये लेबलं काढायला मंजुळाबाई नावाच्या बाई होत्या. पाहुणे तपासणीला आलेत म्हटल्यावर त्या ताठ उभ्या राहिल्या आणि आपली काही चूक नाही असं सांगू लागल्या.

"बसा ताई," काका म्हणाले. "तुमची चूक काढायला न्हाई आलो आमी. मशीन कसं कसं वागतंय, तेवढं सांगा."

मंजुळाबाईंनी एकदा इरमकडे पाहिलं, एकदा काकांकडे. मग बसल्या आणि बोलायला लागल्या, आणि चांगला अर्धा तास थांबल्याच नाहीत. इरम वही काढून लिहीत राहिली.