मला ऊन दाखवलं, तो गुरुवार

मित्रांनो, मी एक जुना स्फटिक आहे. अकरा महिने म्हणजे आमच्यात म्हातारपणच. केसाच्या जाडीत माझ्यासारखे हजारो मावतील. पुण्याजवळ माणच्या एका प्रयोगशाळेत, काचेच्या बाटलीतल्या द्रवात मी अब्जावधी भावंडांसह तरंगत असे. निळा प्रकाश पडला की आम्हाला स्वस्थ बसवत नसे. आतला इलेक्ट्रॉन उसळायचा आणि शेजारच्या रेणूवर उडी घ्यायचा.

तिथली संशोधक वैष्णवी, तिने आम्हाला तापत्या भांड्यात वाढवलं. केशरी रंग येताच तिने आच बंद केली. थोडा उशीर झाला असता, तर मी मोठा होऊन लाल झालो असतो.

आमचं काम नाजूक होतं. औषधासाठी लागणाऱ्या एका रेणूत दोन कच्चे बंध होते. उष्णता दिली की दोन्ही तुटत. आम्हाला हवा तो एकच तोडायचा होता. दोनदा ते जमलं. प्रयोगशाळाप्रमुख शरदचंद्र सर वैष्णवीला म्हणाले, "शुक्रवारी माझ्यासमोर पुन्हा दाखव. जमलं तर काम पुढे, नाहीतर इथेच थांबवू."

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद होती. वैष्णवी बावधनला घरीच राहिली. साफसफाईला रत्नाबाई आल्या. 'मावशी, प्रकाश हेच यांचं खाणं,' एवढंच वैष्णवीने त्यांना कधीतरी सांगितलं होतं.

"दिवा न्हाई, मंजी आज उपाशीच व्हय रं?" म्हणत त्यांनी आमची बाटली गच्चीवर नेली. झाकण काढून तोंडाला मलमलचं फडकं बांधलं, लोणच्याच्या बरणीला बांधतात तसं.

ऊन आणि हवा एकदम अंगावर आली. माझ्यावरचं पातळ आवरण सुटू लागलं. भावंडं एकमेकांना चिकटून तळाशी बसू लागली. मी तडफडत होतो, पण ऐकणार कोण?

शुक्रवारी बाटली फडक्यासह पुन्हा जागेवर होती; वैष्णवीने त्यातलाच द्रव घेऊन प्रयोग केला, पण दोन्ही बंध तुटले.

"आधीचाच आकडा लिही की. सर फोनवर आहेत, त्यांनी पाहिलेलं नाही," सहकारी निरंजन कुजबुजला.

वैष्णवीने 'अयशस्वी' लिहिलं आणि फडकं बांधलेली बाटली सरांपुढे ठेवली.

दारातून रत्नाबाई म्हणाल्या, "म्या ठिवली उनात. पोरीला बोलू नगा. पर ऊन बाधतंय, हे मला कुनी सांगितलं व्हतं का?"

मग वैष्णवी म्हणाली, "नाही मावशी. मीच अर्धं सांगितलं."

सरांनी वहीत आठ दिवसांची मुदत लिहिली. "नवे स्फटिक कर. आणि मावशींनाही समोर बसव."

आता वैष्णवी नवं भांडं तापवते आहे. रत्नाबाई स्टुलावर बसून विचारतात, "मग हवा का चालत न्हाई?" ती सांगते. पुन्हा सांगते.

मी मात्र तळाचा गाळ आहे. मित्रांनो, आम्हाला जपायचं असेल तर कपाटांना कुलपं लावू नका. आमच्याभोवती जे जे वावरतात, त्यांना पूर्ण सांगा. माया त्यांच्यापाशी भरपूर असते; माहिती तुम्हीच द्यायची असते.