शांत झालेत

"ठके, नावानं ठकू असलीस तरी जगाकडून ठकू नकोस हं! जो गोड बोलेल, त्याचा गज आधी मोजून बघ."

कापडाच्या दुकानात, ताग्यांच्या ढिगावर चढून बसलेल्या चिमुरडीला बाबा असं बजावायचे. चिमुरडीचे केस आता पिकायला लागले होते, पण तो आवाज कानातून गेला नव्हता. आज तर तो जास्तच घुमत होता. कारण इमर्जन्सी विभागात जो तो तिच्याशी गोड बोलत होता.

दुपारी जेवता जेवता बाबांच्या छातीत कळ आली. इथे आणलं तेव्हा ते चांगले बोलत होते. दंडाला प्रेशरचा पट्टा गुंडाळणाऱ्या सिस्टरला म्हणाले, "बाहीचं माप घेताय? जरा सैल ठेवा हो, धुतल्यावर आटतं." सिस्टर हसली. घामानं भिजलेला त्यांचा हात हातात धरून ठकूही हसली.

मग ती केसपेपर काढायला गेली. परत आली तर बाबांच्या खाटेभोवती पडदा ओढलेला आणि पडद्यापुढे तीच सिस्टर उभी.

"ताई, तुम्ही बाहेर थांबा."

"अहो, मी मुलगी आहे त्यांची."

"म्हणूनच," सिस्टर हळूच म्हणाली आणि तिनं ठकूला खांद्याला धरून वळवलं.

म्हणूनच म्हणजे? शेजारच्या खाटेपाशी एक बाई नवऱ्याच्या उशाशी बसली होती. तिला कुणी हटकलं नाही. ठकूच्या मनात पाल चुकचुकली.

बाकावर बसून ती दाराच्या काचेतून बघत राहिली. स्ट्रेचर आत जात होते, रिकामे बाहेर येत होते. कपाळ फुटलेला एक माणूस रुमाल दाबून भिंतीला टेकला होता. डॉक्टरीणबाई धावत पडद्याआड शिरल्या. मध्येच बाहेर येऊन सिस्टरच्या कानाशी लागल्या. दोघींनी काचेकडे पाहिलं, ठकूची नजर भिडली तशी दोघींनी मान फिरवली. पाणी कुठंतरी मुरत होतं.

बऱ्याच वेळानं सिस्टर आली. शेजारी टेकली. आवाज लोण्याहून मऊ.

"ताई, बाबा शांत झालेत."

एवढ्यात आतून कुणीतरी ओरडून बोलावलं, तशी ती उठून धावली.

ठकूच्या छातीवरचा दगड उतरला. उगीच संशय घेतला बिचारीवर! तिनं आत्याला फोन लावला. "आत्या, घोर सोड आता. बाबा शांत झालेत."

पलीकडून एकदम हंबरडा.

"अगं, रडतेस काय? शांत झालेत म्हणतेय ना मी!"

"ऐकलं गं बाई, ऐकलं! माझा दादा गेला गं..."

ठकूच्या तोंडात तो शब्द तसाच राहिला. उलटून पाहिला, तर आतून काळा.

ती पडदा बाजूला सारून आत घुसली. बाबांच्या गळ्यापर्यंत चादर होती. इतकी नीट घडी त्यांनी दुकानातही कधी घातली नसेल.

"शांत झाले म्हणे! असं सांगतात माणूस गेल्याचं?"

डॉक्टरीणबाई पुढे आल्या. "चुकलं आमचं. मी स्वतः येऊन स्पष्ट सांगायला हवं होतं. त्यांचं हृदय बंद पडलं. आम्ही छाती दाबली, शॉक दिले, औषधं दिली. पण ते वारले."

"कुठली औषधं? मला बाहेर काढून काय केलंत?"

त्यांनी एकेक औषध सांगितलं. ठकू शब्द न् शब्द मापून बघत होती. कुठंच कमी भरत नव्हतं.

"मग मलाच का हाकललंत? ती बाई चालते, मी चालत नाही?"

डॉक्टरीणबाईंनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर म्हणाली, "आमचा नियम आहे."

"नियम माणूस बघून बदलतो होय? काहीतरी दडवताय तुम्ही! खरं सांगेपर्यंत मी बाबांना हलवू देणार नाही. पोलिसांना बोलवा. माझा बाप यांनी मारला म्हणून चारचौघांत ओरडून सांगेन!"

सिस्टर खाली मान घालून ऐकत राहिली. पलीकडे नवा पेशंट आला होता. डॉक्टरीणबाई तिकडे निघाल्या, जाता जाता थांबल्या.

"सिस्टर, सांगून टाका. स्वतः शिव्या खाऊन लपवायचं नसतं काही."

सिस्टरनं पडदा पुन्हा ओढून घेतला. या खेपेला ठकूला आत ठेवून.

"तुम्ही केसपेपरला गेलात ना, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, ठकूला आत येऊ देऊ नका. तिची आई गेली ती तिच्याच मांडीवर. वर्षभर त्या खोलीत पाऊल टाकलं नाही पोरीनं. माझ्यापायी तिची आणखी एक खोली बंद नको."

ठकू खाटेची दांडी धरून उभी राहिली.

"मग मघाशीच का नाही बोललात?"

"तेही त्यांचंच," सिस्टर म्हणाली. "म्हणाले, माझं नाव सांगू नका. तुमच्यावर चिडेल तर चिडू दे. माझ्यावर रुसली, तर आता समजूत कोण काढणार तिची?"