मॅरिटच्या अंगणातली पाटी

मला अंगणात रोवलं तर टिल्डाला कोण सांभाळणार, या काळजीनं मॅरिटला तीन रात्री झोप नव्हती. मी प्रचाराची पाटी बोलतेय. गॅरेजमध्ये पडल्या पडल्या मला तिच्या येरझाऱ्या ऐकू यायच्या.

माझ्यावर एकच नाव होतं, ओस्ट्रेम. बारा वर्षं नॉर्थ डकोटाचा सिनेटर, आता तिसऱ्यांदा उभा. इथं त्याच्या पक्षाला कुणी विचारत नाही. त्याला मात्र ओळखीचा माणूस म्हणून मतं पडायची. यंदा त्याचीही खात्री नव्हती.

मॅरिट गावच्या इस्पितळात नर्स. तिथला बाळंतपणाचा विभाग बंद होणार होता, तो ओस्ट्रेमनं वाचवला. तिची चार वर्षांची लेक टिल्डा तिथंच जन्मली. म्हणून मॅरिटनं मला त्याच्या प्रचार कचेरीतून मागून आणलं. पण टिल्डाला दिवसभर सांभाळायची शेजारची लॉर्ना, आणि तिच्या अंगणात विरोधी उमेदवाराच्या तीन पाट्या. गावात दुसरं पाळणाघर नाही.

अखेर एका रविवारी मॅरिटनं धीर करून मला रोवलं, पण तोंड केलं घराकडे. माझी छपाई एकाच बाजूला. रस्त्याला दिसायची कोरी पाठ, आणि नाव वाचायला फक्त तिची स्वयंपाकघराची खिडकी. तिचं मत तर आधीच ठरलेलं.

दुपारी लॉर्ना ओव्हनमध्ये भाजलेल्या हॉटडिशचं गरम भांडं घेऊन आली.

"अगं, ही पाटी भांडी घासताना वाचायला लावलीस का?"

"तुम्हाला राग येईल म्हणून... टिल्डाचं काय, असं वाटलं."

"माझं मत त्याला नाहीच. पण माझ्या शेजारी इतकी घाबरट बाई राहते हे गावाला कळायला नको." लॉर्नानं भांडं मॅरिटच्या हातात दिलं, मला उपटलं, रस्त्याकडे वळवून बुटानं दाबलं. "पोरीला उद्या सातलाच आण. आणि भांडं धुऊन दे."

ओस्ट्रेम हरला. लॉर्नानं आपल्या तिन्ही पाट्या त्याच दिवशी काढल्या; मिरवलं नाही.

आता मी गॅरेजच्या दाराशी आडवी असते. माझ्यावर बर्फानं माखलेले बूट निथळतात. तक्रार नाही. माझ्यावर दुसऱ्या कुणाचं नाव चिकटवू नये, एवढंच मागणं.

निकालानंतर मला अंगणातून काढलं त्या सकाळी मॅरिट कामाला निघता निघता टिल्डाला समजावत होती, "तो हरला, बाळा. आता त्याला कामावर जायचं नाही. घरीच राहील."

टिल्डानं एक हातमोजा घातला, दुसरा तसाच धरला.

"मग तू पण हर ना," ती म्हणाली.