जड तोंड

डॉक्टर रॉडरिक हेनशॉ दातांचे डॉक्टर नव्हते, आणि माणसांचेही नव्हते. 'संस्थात्मक नेतृत्व' नावाच्या विषयात त्यांनी कुठूनतरी पदवी आणली होती, आणि आमच्या कॉलेजात कुणी नुसतं 'हेनशॉ' म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. मी कॉलेजच्या दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर नोंदणीला बसते, तेवीस वर्षं झाली. खरे डॉक्टर पुष्कळ पाहिलेत. एवढी हौस त्यांतल्या एकालाही नव्हती.

दवाखाना शिकणाऱ्या मुलींचा. दोन वर्षांचा दात साफ करायचा अभ्यासक्रम आहे. गावातली माणसं वीस डॉलर देऊन येतात आणि अख्खी सकाळ आ वासून पडून राहतात, कारण मुलगी एक बाजू घासते, त्यांना शिकवणाऱ्या ग्वेनबाई येऊन तपासतात, नाक मुरडतात, मुलगी पुन्हा घासते. शेवटच्या परीक्षेला बसायचं तर प्रत्येकीने चार 'जड तोंडं' पुरी केलेली लागतात. जड तोंड म्हणजे वर्षानुवर्षं हात न लागलेलं, हिरडीखाली कीटण दगडासारखं धरलेलं. आणि ही तोंडं कॉलेज पुरवत नाही. मुलीने स्वतः शोधून आणायची. ज्या इथल्याच असतात त्या काका, सासरा, बापाचा पिण्यातला दोस्त, कुणालाही धरून आणतात.

जोसेटा मॅकव्हेला इथे धरून आणायला कुणी नव्हतं. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातली, एकतीस वर्षांची. नवऱ्यामागे ओहायोत आली. नवरा गॅसच्या पाइपलाइनवर होता. पाइपलाइन टेक्सासकडे सरकली तसा तोही सरकला, हिला न सांगता. ही पेट्रोल पंपावर संध्याकाळची पाळी करायची आणि सकाळी आमच्याकडे शिकायची. मार्च लागला तरी तिच्या नावापुढे एकही जड तोंड नव्हतं. पंपावर आलेल्या ट्रकवाल्यांना ती विचारायला लागली, "दादा, जरा दात दाखवता का?" दुसऱ्या दिवशी मालकाने तिला दम भरला.

"मिस व्हर्ना," ती मला म्हणाली, "माणसांना वाटतं मी भलतंच काहीतरी विचारतेय."

"तू विचारतेस तसं विचारलं तर मलाही वाटेल," मी म्हटलं.

गावापासून दहा मैलांवर फर्न हॉलो म्हणून चाकांवरच्या घरांची वस्ती आहे. काचेचा कारखाना बंद पडल्यावर म्हातारे कामगार तिकडे गेले आणि तिथेच राहिले. बस कधीच बंद झाली. त्या वस्तीत इतकी जड तोंडं आहेत की जोसेटासारख्या दहा जणी पास होतील. प्रश्न फक्त त्यांना आणायचा आणि पोचवायचा होता.

म्हणून मी अनुदानाला अर्ज केला. कॉलेजचा निधी दर वर्षी कर्मचाऱ्यांना छोटी अनुदानं देतो: विद्यार्थ्यांच्या शिकण्याला आणि कॉलेजातल्या जीवनाला हातभार लावणारं काहीही सुचवा. अर्ज नऊ पानी. त्यात एक रकाना होता, 'तुमचा प्रकल्प कॉलेजच्या कोणत्या मूल्याशी जोडलेला आहे?' आणि खाली धाडस, आपलेपणा, उत्कृष्टता. मी तिन्हींवर खूण केली, कारण कुठलं वगळावं ते कळेना. 'मोजता येणारा परिणाम' या रकान्यात मी लिहिलं, 'चार तोंडं.' मागितले होते भाड्याच्या गाडीचे आणि पेट्रोलचे पैसे, सहा आठवड्यांपुरते.

समिती पाच जणांची, अध्यक्ष अर्थातच हेनशॉ, विद्यार्थी-यशाचे उपाध्यक्ष. हे पद कशासाठी असतं ते मला कुणी कधी सांगितलं नाही. मधोमध मफिनचं ताट. मला पाच मिनिटं.

"व्हर्ना, मला नीट समजू द्या," हेनशॉ म्हणाले. "विद्यार्थ्यांसाठी ठेवलेल्या पैशातून, विद्यार्थी नसलेल्या म्हाताऱ्यांना गाडीतून फिरवून आणायचं."

"फिरवून नाही. दवाखान्यात आणायचं. ते आले नाहीत तर मुलगी परीक्षेला बसत नाही."

"पण लाभ कुणाला? म्हाताऱ्यांना."

"जोसेटा मॅकव्हेला."

"म्हणजे एका विद्यार्थिनीला."

"यंदा एक आहे. गेल्या वर्षी दोन होत्या. त्या सोडून गेल्या, म्हणून तुमच्या यशात दिसत नाहीत."

कुणी हसलं नाही. प्रवेश विभागातली एक बाई मफिनचा कागद सोलत म्हणाली, "त्यांना ऑनलाइन नाही का बघता येणार?"

"दात?" मी विचारलं.

"म्हणजे, पहिली भेट तरी."

तेव्हा हेनशॉ हसले. मोकळेपणाने, मान मागे टाकून, समितीचं वातावरण हलकं करायला हसतात तसं. आणि मला त्यांचे खालचे पुढचे दात आतल्या बाजूने दिसले. दात कसले, तपकिरी भिंत होती. दातांमधली फट कुठे संपते आणि कीटण कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. बाहेरून मात्र पांढरेशुभ्र, दात पांढरे करायची दुकानातली पट्टी लावून चकचकीत केलेले. मी नजर वळवली. एखाद्याच्या पँटची चेन उघडी दिसावी तसं झालं.

माझा अर्ज 'फार आवडला, पण' या सदरात गेला. माझ्यामागून प्रसिद्धी विभागातला ट्रेंट आत आला. आमच्या कॉलेजचं बोधचिन्ह पाणमांजर. सामन्यांना कुणीतरी घालून नाचतं तो त्याचा पोशाख जुना झाला होता, घामाचा वास मारायचा; नव्या पोशाखात मुंडक्याच्या आत पंखा असणार होता. मी बाहेर कोट घालत होते, दार उघडंच होतं.

"शेपूट हलते का?" कुणीतरी विचारलं.

"हलते," ट्रेंट म्हणाला.

चार मिनिटांत एकमताने मंजूर. कॉलेजातल्या जीवनाला हातभार.

मी माझ्याच गाडीने आणायला लागले. दवाखाना मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी असतो. मी पहाटे निघायची, म्हाताऱ्याला घेऊन यायची आणि जेवणाच्या सुट्टीत परत सोडायची. फर्न हॉलोच्या पहिल्या तिघांनी गाडीत जी बडबड केली तिच्यावर मी कारखान्याचा इतिहास लिहू शकेन, आणि तो कुणी वाचणार नाही. पण तोंडं त्यांची नंबर एक होती. जोसेटाने तिन्ही पुरी केली. तिचा हात हलका आहे. ग्वेनबाई कुणाचं कौतुक करत नाहीत. तिसऱ्या तोंडानंतर त्यांनी आरसा बाजूला ठेवला आणि "हं" एवढंच म्हणाल्या. जोसेटा दिवसभर त्या "हं"वर चालत होती.

चौथा ऑर्विल स्टडनिका, एक्याऐंशी वर्षांचा. त्याला खुर्चीत बसवलं, दंडाला पट्टा बांधला, तर रक्तदाब एकशेचौऱ्याण्णव. एवढ्यावर हात लावायचा नाही, असा नियम आहे. ग्वेनबाईंनी त्याला तिथून थेट इस्पितळात पाठवलं. तो जाताना जोसेटाची माफी मागत होता.

त्या दिवशी गुरुवार होता. पुढच्या मंगळवारी मुदत संपत होती. जोसेटा धुतलेलीच हत्यारं पुन्हा धूत उभी होती. मला तिच्या पाठीकडे बघवेना. मी उठले आणि सरळ हेनशॉंच्या ऑफिसात गेले.

"व्हर्ना," ते म्हणाले, "अनुदानाचं असेल तर निकाल लागून गेलाय."

"अनुदानाचं नाही. मंगळवारी सकाळी आठ ते बारा तुम्ही दवाखान्यात या. जोसेटाला चौथं तोंड हवंय."

ते हसले, या वेळी ओठ मिटून. "मी? माझे दात उत्तम आहेत."

"पुढून आहेत."

"काय म्हणायचंय तुम्हाला?"

मी दार लावलं. "डॉक्टर हेनशॉ, तुमच्या तोंडाला वास येतो. कॉलेजात सगळ्यांना माहीत आहे. बैठकीत तुमच्या शेजारची खुर्ची शेवटी भरते, ती तुमच्या अधिकारामुळे नाही."

हे मी खरं बोलले की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. वास मला कधी आला नव्हता. तेवढं जवळ मी कधी गेलेच नव्हते. पण त्यांचा हात आपोआप तोंडावर गेला आणि तिथेच राहिला.

मग त्यांनी हाताआडून विचारलं, "कर्मचाऱ्यांना फुकट असतं का?"

"असतं," मी म्हटलं. वर्षाला दीड लाख डॉलर घेणारा माणूस.

मंगळवारी ते आले. टाय लावून आले. जोसेटाने त्यांच्या गळ्यात कागदी रुमाल बांधला, खुर्ची मागे झुकवली, आत पाहिलं, आणि तिचे डोळे असे चमकले की मला वाटलं ही आता त्यांचा मुकाच घेते.

"शेवटचं कधी साफ केलं होतं, सर?"

"झाली असतील... पाच वर्षं."

जोसेटाने ग्वेनबाईंना हाक मारली. ग्वेनबाईंनी आरसा घातला आणि म्हणाल्या, "पंधरा."

चार तास. त्या चार तासांत डॉक्टर हेनशॉ एक अक्षर बोलू शकले नाहीत. कॉलेजच्या इतिहासात असं झालं नव्हतं, आणि बातमी फुटल्यावर निरनिराळ्या विभागांची माणसं काही ना काही निमित्त काढून माझ्या टेबलापाशी येऊन गेली. हिशेब विभागातला एक जण तर पेन मागायला दोनदा आला. आतून खरवडण्याचा आवाज येत होता. बेसिनमध्ये जे पडत होतं त्याचं वर्णन मी करत नाही.

दहाच्या सुमारास मी फाइल द्यायला आत गेले. त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट आवळलेले होते आणि कानशिलावरून पाण्याची एक धार खाली उतरत होती. जोसेटा हत्यार बाजूला ठेवून त्यांना सांगत होती, "सर, आपण थांबू. माझा भाऊही असाच घाबरतो. लहानपणी कुणी दुखवलं होतं का?" त्यांनी मान हलवली, हो. तिने त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि ती नुसती बसून राहिली. मी फाइल ठेवली आणि बाहेर आले. मला त्यांची दया आली होती, आणि याचा मला फार राग आला.

तो राग फार वेळ बाळगावा लागला नाही. बारा वाजता खुर्ची सरळ झाली, ग्वेनबाईंनी जोसेटाच्या कागदावर सही केली, आणि हेनशॉंनी तोंड धुऊन बोललेलं पहिलं वाक्य असं, "विद्यार्थ्यांशी थेट नातं जोडणं म्हणतात ते हेच." मग ट्रेंटला बोलावून फोटो काढला. फोटोत हेनशॉ मध्ये, दात दाखवून. जोसेटाचा अर्धा खांदा आलाय.

जोसेटा परीक्षेला बसली आणि पास झाली. आता मॅरिएटात एका डॉक्टरांकडे काम करते, पंप सोडला. जाताना तिने मला मिठी मारली आणि रडली, आणि मी तिला म्हटलं की माझी रांग खोळंबलीय. रांगेत कुणी नव्हतं. ऑर्विलला इस्पितळात गोळ्या सुरू केल्या. ती धाव फुकट गेली नाही, असं म्हणता येईल.

पुढच्या वर्षी अनुदानाच्या यादीत सगळ्यात वर एक नवा प्रकल्प होता: 'हास्य-सेतू'. कल्पना आणि नेतृत्व, डॉक्टर रॉडरिक हेनशॉ. कर्मचाऱ्यांनी शिकणाऱ्या मुलींसमोर खुर्चीत बसायचं, आणि बसणाऱ्याला कॉलेजच्या नावाचा पेला. कर्मचाऱ्यांना दातांचा विमा आहे. वर्षातून दोनदा साफ करून घेतात. अठ्ठावीस जण बसले. त्यांत जड तोंड एकही नव्हतं. ग्वेनबाईंनी हे लेखी कळवलं. उत्तरात त्यांना पेला आला.

यंदा तीन मुली अडल्यात. मी अर्ज केला नाही. मंगळवारी-गुरुवारी पहाटे निघते, गाडीला नवे टायर घातलेत.

गेल्या महिन्यात हेनशॉंचा फोन आला. दात साफ करून घ्यायचे होते.

"तीच मुलगी द्या," ते म्हणाले. "हलक्या हाताची. काय नाव तिचं?"

"ती पास होऊन गेली, डॉक्टर. मॅरिएटात आहे. तिथे जाऊन करून घेता येईल, पण दीडशे पडतील."

"नको, एवढं कशाला? इथल्याच कुणाला तरी द्या."

मी वही उघडली. पहिल्या वर्षाच्या मुली नुकत्याच खुर्चीवर, म्हणजे खऱ्या तोंडांवर, आल्या होत्या. त्यांत एक आहे, पूर्वी घरांच्या छपरांवर काम करायची, कौलं उचकटायची. मनगट असं आहे की ग्वेनबाई तिला रोज सांगतात, अगं, हे दात आहेत. मी तिच्या नावापुढे हेनशॉंचं नाव लिहिलं, मंगळवार, सकाळी आठ.

"हाताने कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"खूप मन लावून करते," मी म्हटलं, आणि ते खरं होतं.