छत्तीस तासांची तयारी

गुलाम रसूलला मोटारसायकलवरून बंगळूरला जाऊन छत्तीस तासांत रत्नागिरीला परत यायचं होतं. जाऊन येऊन पंधराशे किलोमीटर. चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. कोल्हापूरच्या एका क्लबाने जाहीर केलं होतं की, जो ही दौड पुरी करील त्याला रॅलीच्या संघात पगारावर घेऊ.

"जागा मिळाली तर राहिलो, नाना," तो मला म्हणाला होता. "नायतर मामूने दुबईचा व्हिसा तयार ठेवलाय. मला नाय जायचं तिकडं."

मला सायकलसुद्धा येत नाही. सारा जन्म वाचनालयात पुस्तकं देण्या-घेण्यात गेला. गुलाम तिथे नकाशा बघायला आला आणि येत राहिला. तो नकाशासाठी येत होता, माझ्यासाठी नव्हे, हे मी स्वतःला अनेकदा बजावलं. तरी त्याच्या कामी यावंसं वाटलं आणि मला जमण्यासारखं एकच काम सुचलं. वाटेवरच्या गावांच्या पोस्टमास्तरांना मी जोडकार्डं पाठवली. पंप किती वाजता उघडतो, पूल धड आहे का, रेल्वेचं फाटक कधी बंद असतं, असे प्रश्न एका कार्डावर लिहायचे आणि जोडीचं कोरं कार्ड उत्तरासाठी सोडायचं. उत्तराचा पत्ता हरिशेठच्या गॅरेजचा दिला, कारण गुलाम तिथेच कामाला होता आणि बुलेटही हरिशेठचीच होती.

आश्चर्य म्हणजे उत्तरं आली. चहाच्या वेळी हरिशेठ ती मोठ्याने वाचून दाखवायचा आणि हातातलं काम टाकून सगळे ऐकायचे.

"ऐका, आज तुमकूरचं टपाल! पंप पहाटे पाचला उघडतो. नाना, तिकडं पोरगी बघून ठेवलीत काय याच्यासाठी?"

"बघा की," गुलाम स्पॅनर न थांबवता म्हणायचा. "फक्त गाडी ढकलणारी बघा."

दावणगिरीच्या पोस्टमास्तरांनी शेवटी लिहिलं होतं, 'आपला मुलगा सुखरूप परत येवो.' मी त्यांची चूक दुरुस्त करणारं कार्ड लिहिलं नाही.

गुलामने सीटवर स्पंज शिवून घेतला. जुन्या क्लच केबलीशेजारी नवी केबल आधीच बांधून ठेवली, म्हणजे तुटली तर वेळ जायला नको. डोळे बांधून ट्यूब बदलायचा सराव केला.

दौडीला आठ दिवस उरले असताना चाचणी झाली. एका दिवसात कोल्हापूरच्या दोन फेऱ्या. तो पहाटे चारला निघाला. मी वाटेवरच्या पालीला चहाच्या दुकानात वही घेऊन बसलो आणि तो गेला-आला की वेळ टिपत राहिलो. शेवटच्या खेपेला, संध्याकाळी, तो कोल्हापूरकडून येताना दिसला. मान खाली होती. गाडी हळूहळू रस्त्याच्या उजव्या कडेला चालली होती आणि समोरून एस.टी. येत होती. एस.टी.ने हॉर्न दिला. गुलामने मान वर करून गाडी जेमतेम बाजूला काढली.

"डोळ्यात किडा गेला, नाना," तो हसून म्हणाला. "बसा मागं."

मी बसलो. रत्नागिरीपर्यंत त्याच्या खांद्यावर हात ठेवून एक शब्द बोललो नाही. काय बोलायचं ते मनात चारदा जुळवलं आणि मोडलं.

घरी आल्यावर लिहिलं. तोंडाने न बोलता आलेलं मी नेहमी लिहीतच आलो आहे. एक कार्ड उरलं होतं. पत्ता सवयीने गॅरेजचा टाकला आणि पेटीत सोडून आलो. कुणाच्या हाती पडेल, हा विचार माझ्या मनात आला नाही.

दोन दिवसांनी हरिशेठने कार्ड उचललं. मी समोरच बाकावर होतो. अक्षर ओळखलं. 'थांबा' एवढंच म्हणायचं होतं.

"आज गाववाल्यांचं टपाल! चिरंजीव गुलाम यास आशीर्वाद. त्या दिवशी किडा गेला नव्हता. तू गाडीवर झोपला होतास. तू या दौडीला जाऊ नयेस असं मला..."

हरिशेठ थांबला. मागून कुणीतरी म्हणालं, "बंगळूरला उशी घेऊन जा रे!" कुणी हसलं नाही.

हरिशेठने खिळ्यावरची किल्ली काढून खिशात टाकली. "गाडी माझ्या नावावर आहे, गुलाम. काय झालं तर तुझ्या आईसमोर मी कसा उभा राहू?"

गुलामने त्याच्याकडे पाहिलंच नाही. तो माझ्याकडे पाहत होता.

"पालीपासून माझ्या पाठीला लागून बसला होता तुम्ही. तेव्हा नाय बोलता आलं?"

जून उजाडण्याआधी तो दुबईला गेला.

काल त्याची आई, शरीफाभाभी, त्याचं पत्र घेऊन आली. तिला वाचता येत नाही. गुलामने लिहिलं होतं: मी आता ट्रक चालवतो. वाळवंटातून सहाशे किलोमीटर एका दमात. मला गाडीवर झोप कधीच येत नाही.

"हे मला कशाला लिहिलंन?" भाभी म्हणाली. "मी कधी विचारलं?"

"सांभाळून चालवतो, असं म्हणायचं आहे त्याला," मी म्हणालो.

पालीचा तो रस्ता डोळ्यांपुढे आला. गुलाम कोल्हापूरकडून, म्हणजे पश्चिमेला तोंड करून येत होता. सूर्य मावळतीला टेकलेला, नेमका त्याच्या डोळ्यांवर. उन्हानेही मान खाली जाते. की तो खरंच झोपला होता? इतकी वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं वाचली, पण समोरून येणारा एक माणूस मला धड वाचता आला की नाही, हे आज सांगता येत नाही.

भाभीने उत्तर सांगितलं, मी लिहून घेतलं. तब्येत बरी आहे, तुझ्या बहिणीला, फातिमाला मुलगी झाली, वेळेवर जेवत जा. खाली चार बोटं जागा उरली.

"तुमचं काही लिहायचं असेल तर लिहा की," ती म्हणाली.

मी पेनचं टोपण काढलं. बराच वेळ ती वाट पाहत बसली. मग ती जागा तशीच कोरी ठेवून मी पाकीट चिकटवलं आणि तिच्या हातात दिलं.