फडकं बांधलेला टोमॅटो

मी एक जुनी विळी आहे. शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यात भटू लोहारानं माझं पातं घडवलं आणि बाभळीच्या पाटावर मला पक्कं बसवलं. माझ्या डोक्यावर खोबरं किसायची खवणी नाही. आमच्याकडे नारळ फुटतो तो देवापुढेच, त्यामुळे तिच्यावाचून कधी अडलंही नाही.

मित्रांनो, पुष्पाबाई नवी नवरी होती तेव्हापासून मी तिच्याजवळ आहे. माहेराहून येताना तिनं गावरान टोमॅटोचं बी आणलं होतं. फळ दिसायला ओबडधोबड, घड्याघड्यांचं, पण आंबटगोड. हिवाळ्यात ती पाटावर पाय ठेवून बसायची आणि माझ्यावर टोमॅटो, पातीचा कांदा, हिरवी मिरची चिरायची. वर कोथिंबीर, दाण्याचा कूट आणि मीठ. बस, झाली कोशिंबीर. तिचे यजमान झुलालभाऊ ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर ती खायचे आणि म्हणायचे, "हाई चव बजारना टमाटास्ले नही." तेव्हा मलाच माझं कौतुक झाल्यासारखं वाटायचं.

दर वर्षी एका चांगल्या फळाच्या देठाला पुष्पाबाई लाल फडकं बांधायची. ते बियाण्याचं फळ. पूर्ण पिकलं की त्याचं बी राखेत घोळून ती भिंतीला थापायची आणि पुढच्या वर्षी तेच लावायची. शेजारणी कधीच दुकानातली रोपं आणू लागल्या होत्या. हिनं मात्र हट्ट सोडला नाही.

यंदा टोमॅटोवर करपा रोग पडला. सगळं बी पेरलेलं, मागे काही राखलेलं नव्हतं आणि झाड वाचलं एकच. उन्हाळा लागता लागता तेही वाळत आलं. त्यावर फडकं बांधलेलं एवढं एकच फळ उरलं होतं. तेवढ्यात मुतखड्याच्या ऑपरेशनसाठी पुष्पाबाईला धुळ्याला न्यावं लागलं.

घरी आल्यावर तिला अन्न जाईना. तिची सून रत्ना जळगाव शहरातली, मोठी मायाळू पोर. सासूच्या आवडीचं काही करावं म्हणून ती परसात गेली आणि ते फळ तोडून आणलं. माझ्यावर तिनं ते कोशिंबिरीसाठी हलक्या हातानं चिरलं. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते.

पहिला घास घेताच पुष्पाबाई थांबली.

"याले फडकं बांधेल व्हतं ना?"

"हो आई. दृष्ट लागू नये म्हणून बांधलं असेल, असं वाटलं."

"आनी बिया कोठे टाक्यात?"

"मोरीत टाकून पाणी ओतलं. बिया खायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलंय ना."

पुष्पाबाईनं वाटी पुन्हा जवळ ओढली. मग तिनं वाटी पुसून खाल्ली आणि म्हणाली, "चांगली जमनी, बेटा." रत्नाचा चेहरा खुलला. सासू कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली होती.

रत्ना बाहेर गेल्यावर पुष्पाबाई भिंत धरत स्वयंपाकघरात आली. तिनं माझ्या पात्यावरून, मग पाटाच्या फटीतून बोट फिरवलं. एखादं बी चिकटून राहिलं असेल, एवढीच तिची आशा होती. पण रत्नानं मला घासून लख्ख केलं होतं.

मित्रांनो, मला धुऊनपुसून ठेवा, असं विळीनं आत्मकथेच्या शेवटी सांगायचं असतं. ते मी आज सांगणार नाही. घरात कुणी काही जपत असेल तर ते कशासाठी, हे त्यांना विचारा. आणि जपणाऱ्यांनो, तुम्हीही ते वेळेवर सांगा. पुष्पाबाईनं रत्नाला अजून काही सांगितलेलं नाही. पुढच्या हिवाळ्यात या टोमॅटोची खूप झाडं लावू, असं ती पोर रोज म्हणते आणि पुष्पाबाई मान डोलावून "हाव" म्हणते.