गद्र्यांचा उजवा कान

न्यू टाउनच्या त्या सोसायटीत मराठी घरं दोनच, आणि त्या दोघांचंच असं फाटलं की बाकीचे बंगाली शेजारी लांबून नुसते बघत राहिले.

दुसऱ्या मजल्यावर चारुदत्त गद्रे आणि त्यांची बायको हेमा राहायचे. गद्रे बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. बदल्या होत होत शेवटी कोलकात्याला आले, निवृत्त झाले आणि इथेच राहिले. बँकेतली हुकूम चालवायची सवय सुटेना म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी झाले. त्यांच्या बरोबर खालच्या घरात वैदेही, तिचा नवरा नचिकेत आणि चार वर्षांची रुचा. वैदेही जन्मानं कोलकात्याचीच. एस्प्लनेडजवळच्या एका दवाखान्यात ती कान तपासायची. कुणाला किती बारीक, किती जाड आवाज ऐकू येतो हे मापणं हेच तिचं रोजचं काम. रुचाच्या बारशाला गद्रेकाका नातवंडाचं असावं तसे मिरवले होते. हेमाकाकू संकष्टीला मोदक खाली पाठवायच्या, डबा कधी रिकामा परत जायचा नाही.

बिनसलं ते पंपाच्या खोलीबाहेरच्या कट्ट्यावरून. संध्याकाळी तिथे कॉलेजची पोरंपोरी जमायची. गिटार, हसणं, कधी सिगरेटी. गद्रे वरून ओरडायचे, आणि खालून कुणीतरी लाडात विचारायचं, "ओ काकू, चा खाबेन?" चहा घेणार का, एवढाच त्याचा अर्थ. बंगालीत काकू म्हणजे काका, हे इतकी वर्षं इथे काढलेल्या गद्र्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या हाकेसरशी त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

एक दिवस त्यांनी कुठूनसं एक यंत्र मागवलं. साबणाच्या वडीएवढी काळी डबी. बाल्कनीच्या खालच्या अंगाला, कुणाच्या नजरेत येणार नाही अशी बसवून घेतली. डबीतून इतका बारीक आवाज निघायचा की तो फक्त कोवळ्या कानांना ऐकू यावा. वय वाढतं तसे हे वरच्या पट्टीतले आवाज माणसाला ऐकू येईनासे होतात. पन्नाशी-साठीच्या माणसाच्या लेखी ती डबी मुकीच. पोरं काही दिवस डोकी धरून बसली, मग कट्टा ओस पडला. गद्रे भेटेल त्याला सांगायचे, "शिस्त लावली की लागते."

पण ती डबी वैदेहीच्या खिडकीच्या डोक्यावरच होती.

रुचा पुढच्या खोलीत यायला तयार होईना. आली की कानांवर हात. संध्याकाळ झाली की डोकं दुखतंय म्हणून रडायची, दोनदा जेवलेलं सगळं उलटून पडलं. डॉक्टरांनी घसा पाहिला, पोट पाहिलं, काही सापडलं नाही. नचिकेत म्हणाला, शाळा नवी आहे, होतं असं. वैदेहीला स्वतःलाही त्या खोलीत कपाळामागे सुई टोचल्यासारखं व्हायचं; ती थकव्यावर ढकलायची. शेवटी तिनं दवाखान्यातलं आवाज मोजायचं यंत्र घरी आणलं. खिडकीपाशी धरताच आकडा उसळला. तिनं बाहेर वाकून वर पाहिलं.

ती तशीच वर गेली.

"काका, ती डबी काढा. रुचाला त्रास होतोय, जेवण पोटात राहत नाही."

"कसला त्रास?" गद्रे सोफ्यावरून उठलेही नाहीत. "आवाज तरी येतो का त्या डबीचा? हेमा, तुला येतो?"

हेमाकाकूंनी नाही म्हणून मान हलवली.

"तुम्हाला येणारच नाही, काका. तुमच्या वयाला—"

"माझं वय काढू नकोस!" आता ते उठले. "माझे कान तुझ्यापेक्षा तिखट आहेत. पोरगी जेवत नाही, तर तिला जेवायला शिकव. माझ्या बाल्कनीत नाक खुपसायचं काम नाही."

"बाल्कनी तुमची असेल. आवाज माझ्या घरात येतोय. दवाखान्याच्या यंत्रावर मोजलाय मी."

"जो आवाज कुणाला ऐकूच येत नाही, तो आवाज!" ते हेमाकाकूंकडे बघून हसले. "एवढी शिकली आणि भुताखेतांच्या गोष्टी सांगते."

त्या हसण्यानं वैदेहीच्या मनात जे काही उरलंसुरलं होतं ते संपलं. जिना उतरतानाच तिनं ठरवलं की आता ही गोष्ट चार भिंतींत मिटवायची नाही.

रविवारी सकाळी सोसायटीची सभा होती. वैदेही एक चांगला स्पीकर घेऊन गेली. "दोनच मिनिटं द्या," ती बंगालीत म्हणाली. "सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि हात वर करायचा. ऐकू येईनासं झालं की हात खाली."

लोकांना गंमत वाटली. तिनं आवाज सुरू केला, आधी शिटीसारखा, मग हळूहळू चढवत नेला. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांचे हात एकेक करून खाली आले. मग त्यांच्या मुलांचे. आवाज आणखी चढला तसे उरलेले हातही गेले, फक्त मागे बसलेल्या मुलांचे राहिले. एकीनं तर कान दाबले. डोळे उघडलेल्या आयाबापांनी मागे वळून ते पाहिलं आणि हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली.

पहिल्या रांगेत एक हात मात्र अजून ताठ वर होता. गद्र्यांचा.

वैदेहीनं स्पीकर बंद केला. हात तसाच. तिनं थोडं थांबून, सगळ्यांना दिसू दिलं.

"काका," ती म्हणाली, "आवाज मघाशीच बंद केलाय."

हॉल हसला. मोठ्यांदा, मनापासून हसला. गद्रे ताडकन उभे राहिले, चेहरा तांबडालाल. उजव्या बाजूला बसलेल्या हेमाकाकू कळवळून म्हणाल्या, "अहो, बसा ना." गद्र्यांनी मान डावीकडे वळवली. तिथे कुणी बोललंच नव्हतं. हेमाकाकू पुन्हा बोलल्या, तेव्हाही ते डावीकडेच शोधत राहिले.

वैदेहीनं ते पाहिलं. म्हातारपणानं कान गेले तर दोन्ही सारखेच जातात. आवाज कुठून आला हे ज्याला कळत नाही, त्याचा बहुधा एकच कान गेलेला असतो, आणि एकच कान का गेला हे तपासावं लागतं. ती हे रोज रुग्णांना सांगायची. पण समोर डबी काढायची का यावर हात वर करून मतदान सुरू झालं होतं, सगळी मतं तिच्या बाजूला पडत होती. ती गप्प राहिली.

डबी त्याच दिवशी उतरली. गद्र्यांनी सेक्रेटरीपद सोडलं. आणि मग त्यांनी वैदेहीच्या दवाखान्यात तक्रार केली की ही बाई दवाखान्याची यंत्रं घरच्या भांडणासाठी बाहेर नेते. तक्रार खरीच होती. वैदेहीला वरिष्ठांपुढे उभं राहून ऐकून घ्यावं लागलं, बढती हुकली. घरी येऊन तिनं नचिकेतला सांगितलं, "मरू दे त्यांना तिकडे." रुचाच्या देखत म्हणाली. गद्र्यांचा कान तिला आठवत नव्हता असं नाही. आठवला की ती मुद्दाम दुसरं काहीतरी करायला घ्यायची.

असा सगळा पावसाळा गेला. दुर्गापूजेचे मांडव उभे राहायला लागले तेव्हा एका दुपारी लिफ्ट बंद होती. वैदेही जिना चढत होती, गद्रे उतरत होते. तिला पाहून त्यांनी मान ताठ केली, पुढची पायरी घेतली आणि एकाएकी दारू प्यायल्यासारखे उजवीकडे झुकले. कठडा हाताला लागला म्हणून वाचले. ती धावली.

"हात लावू नकोस," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी तिनं वरची बेल वाजवली. दार गद्र्यांनीच उघडलं.

"काका, भांडायला आले नाही. फोन उजव्या कानाला लावून बघा. ऐकू येणार नाही. आणि आता तोलही जातोय. कानाच्या नसेवर गाठ असू शकते. एमआरआय करून घ्या, कुठेही करा, माझ्याकडे नको."

"आधी मला गावासमोर बहिरा ठरवलंस," ते सावकाश म्हणाले. "आता डोक्यात गाठ घालतेस. उद्या काय, तिरडी बांधायला येणार?" आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी तिनं हेमाकाकूंना भाजी घेताना गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. फोन ते डाव्याच कानाला लावतात, हे त्यांनाही माहीत होतं. मळ झाला असेल म्हणून तेल घालत होत्या. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"हे तुला कधी कळलं?"

वैदेहीला खोटं बोलता आलं असतं. "सभेत," ती म्हणाली. "तुम्ही उजवीकडून बोललात, ते डावीकडे वळले."

"तेव्हा? त्याला झाले किती महिने?" हेमाकाकूंचा आवाज चढला नाही. "आणि तिथेच का नाही सांगितलंस?"

"सगळे माझ्या बाजूनं होते, काकू. मला ते घालवायचं नव्हतं."

"आणि नंतर?"

"नंतर राग होता."

"माझे मोदक खाल्लेस तू," हेमाकाकू म्हणाल्या. पिशवी उचलून निघून गेल्या. भाजीवाला वैदेहीकडे सुटे पैसे धरून उभा होता, ते तिला दिसलेच नाहीत.

हेमाकाकूंनी घरी काय केलं कुणास ठाऊक, पण आठवड्याच्या आत गद्र्यांचं एमआरआय झालं. गाठ होती. कर्करोगाची नव्हती, पण वाढून मेंदूला टेकली होती. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. उजवा कान कायमचा गेला आणि चेहऱ्याची उजवी बाजू उतरली. चहा पिताना ओठाच्या कोपऱ्यातून ओघळायचा. आधी आलो असतो तर निदान चेहरा वाचला असता का, असं हेमाकाकूंनी सर्जनला विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. हे उत्तर त्यांनी स्वतः खाली येऊन वैदेहीला सांगितलं. दारातूनच. आत या म्हटलं तर आल्या नाहीत.

गद्रे घरी परतल्यावर वैदेही एकदा भेटायला गेली. ते बाल्कनीत खुर्ची टाकून बसले होते. कट्ट्यावर पोरं परत जमली होती, गिटार वाजत होतं.

"काका, चुकलं माझं," ती म्हणाली.

"चुकलं नाही," गद्रे म्हणाले. शब्द तोंडातून वाकडे येत होते, तरी प्रत्येक शब्द त्यांनी नीट उच्चारला. "डबीचं तुझं बरोबर होतं. गाठीचंही. एवढं सगळं बरोबर असून तू गप्प बसलीस. जा आता."

ती उठली. हेमाकाकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत.

नचिकेत म्हणतो, घर विकून दुसरीकडे जाऊ. वैदेही नको म्हणते. रुचाची शाळा इथे आहे, आणि पळून गेल्यानं काय होणार. लिफ्टमध्ये गद्रे भेटतात. ती आत आली की ते काठी टेकत सावकाश वळतात आणि उजवा कान तिच्याकडे करून उभे राहतात. तरी ती दर वेळी म्हणते, "नमस्कार, काका." रुचाही तिचं बघून म्हणते.

ते दाराकडे बघत असतात.